गाण्याचा सातबारा

कोकण रेल्वेने नेमाने जाणाऱ्या मंडळींना करबुड्याचा बोगदा सांगायला नको. संगमेश्वर सोडलं की उक्षी आणि भोके या दोन स्टेशनांच्या मध्ये तो येतो. साडेसहा किलोमीटर लांब, कोकण रेल्वेच्या नव्वदच्या वर बोगद्यांमधला सगळ्यात मोठा. गाडी बऱ्या वेगात असली तर आत शिरून बाहेर पडायला साधारण पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं म्हणजे एक भावगीत, अंतऱ्यांसकट.

या पाच मिनिटांत डबा बघण्यासारखा असतो. फोनवर बोलणाऱ्यांचं "हॅलो... हॅलो... ऐकू येतंय का?" सुरू होतं. समोरच्या बाकावरच्या मुलाच्या हातातलं चित्र जागच्या जागी थिजतं. इंटरनेटवरून गाणी ऐकणाऱ्यांचं गाणं मात्र लगेच बंद पडत नाही. अ‍ॅपने पुढचं थोडंसं आधीच ओढून ठेवलेलं असतं, त्या शिदोरीवर ते चालतं, आणि मग एखाद्या हरकतीच्या ऐन मध्यात गप्प होतं. माणसं फोन हलवून बघतात. (फोन हलवल्याने रेंज येते ही समजूत कुठून आली, कुणास ठाऊक. बहुधा रॉकेलच्या स्टोव्हवरून आली असावी.) मी मात्र खिडकीला टेकून, डोळे मिटून ऐकत असते. माझी गाणी घरूनच उतरवून घेतलेली असतात. त्यावेळी माझ्या चेहऱ्यावर जे भाव असतात त्याबद्दल नवरा जे म्हणतो ते इथे लिहीत नाही. :)

आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल, २००४-०५ च्या सुमारास रिअल प्लेअरवर एक गाणं ऐकायला किती तप करावं लागायचं ते. टक्के मोजत बसायचं. सत्तर... पंचाहत्तर... आणि टेलिफोनची लाइनच तुटायची. त्या मानाने आताचं सगळं फारच सुखाचं. गाण्याच्या यादीपुढचा एक बाण दाबायचा, तो हिरवा किंवा निळा होतो, आणि गाणं फोनमध्ये येऊन बसतं. मधल्या दर्जाचं, म्हणजे १६० केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं साधारण ६ एमबी जागा घेतं. चारशे गाण्यांना अडीच जीबीसुद्धा लागत नाहीत. आपल्या घरच्या ग्रुपवर येणारी सुप्रभाताची फुलं महिन्याभरात याहून जास्त जागा खातात. (ठाण्याच्या काकांनी हे मनावर घेऊ नये.)

हे असं उतरवून घेतलेलं गाणं म्हणजे नक्की काय असतं, ते आपलं असतं का, हा प्रश्न मला त्या बोगद्यात कधी पडला नाही. तो पडला आत्याच्या ओटीवर.

नातेवाईक मंडळींना आत्याचं घर माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. राजापूर तालुक्यात डांबरी रस्ता सोडून पाखाडीने खाली उतरायचं, वहाळ ओलांडायचा, की सहा घरांची वाडी लागते. वर चहूबाजूंनी सडा, आणि घरं खाली खोलात. त्यामुळे मोबाइलची रेंज तिथे वरून निघून जाते. पावसाळी ढग जसे कोकणातून वर देशावर जातात तशी, फक्त ढग जाताना निदान पडतात तरी. फोन करायचा तर सड्यावर एका कातळापर्यंत चढायचं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वाडीतल्या पोरांची शाळाही त्याच कातळावर भरायची, छत्र्या घेऊन. आत्या आता एकोणऐंशीची आहे. मुलगा गोव्यात असतो, बोलावून बोलावून थकला. आतोबा २००९ साली गेले. तेव्हापासून ती आणि घर.

तिच्याकडे रेडिओ होता. आकाशवाणी हे तिचं घड्याळही होतं आणि सोबतही. रेडिओ बिघडला, दोनदा दुरुस्त झाला, तिसऱ्यांदा नेला तर दुरुस्त करणारा आता मोबाइलची कव्हरं विकत होता. मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. आत्याच्या वाडीत सहा दिवस वीज नव्हती. महिन्याने तिच्याशी बोलणं झालं तेव्हा मी विजेचंच विचारत होते. ती म्हणाली, "लाइटीचं काय नाय गो, बिनलाइटीच्याच घरात जन्मले मी. पण घर मुकं झालं होतं."

हे वाक्य मला झोपू देईना. त्या दिवाळीला तिच्यासाठी एक साधासा स्मार्टफोन, उन्हावर चार्ज होणारी बॅटरी आणि आमच्या कुटुंबाच्या गाण्याच्या वर्गणीत तिचंही नाव, असं सगळं घेऊन गेले. (अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. सगळे एकाच माळेचे मणी आहेत.) त्याआधी तिने भाच्याच्या फोनवर फुकटवालं अ‍ॅप ऐकलं होतं, आणि त्यावर तिचं मत फारच वाईट झालं होतं. कारण त्या फुकटवाल्यात तेव्हा गाणी क्रमाने वाजत नव्हती, यंत्राला वाटेल तशी वाजायची. आता भावगीतांचं एक वेळ ठीक आहे, पण गीतरामायण? गदिमा आणि बाबूजींनी १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी छप्पन गाणी दिली. त्यात एक कथा आहे, ओळीने. आत्याच्या त्या फोनवर रामाचा जन्म व्हायच्या आधीच सीता वनवासाला निघाली, आणि मध्येच दोन वेळा शाम्पूची जाहिरात! "ह्या यंत्राला रामायण कोणी सांगितलं नाय वाटतं," ती म्हणाली.

तर मी डोंबिवलीला घरी बसून, वायफायवर, सगळं ओळीने उतरवलं होतं. गीतरामायण, सुमनताई, माणिकबाई, थोडी जुनी नाट्यगीतं, तिच्या आवडीचे अभंग. एकंदर ४१२ गाणी. तिला दाखवलं की हे इथे दाबायचं, इंटरनेटची गरज नाही. पहिल्या रात्री ओटीवर अंधारात बसून आम्ही दोघींनी ऐकलं. वरून काजू-आंब्यातून वारा, खाली वहाळ, आणि मध्ये फोनमधून बाबूजी. मला तर तंत्रज्ञानाचा अगदी उमाळाच आला.

पुढचा भाग तुमच्यातल्या जाणकारांच्या लक्षात आला असेल. अशा उतरवलेल्या गाण्यांना मुदत असते. बहुतेक अ‍ॅपचा नियम असा की तीस दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला लागला पाहिजे. गाण्याची फाइल फोनमध्ये असते खरी, पण ती कुलपात असते. अ‍ॅप बाहेरून विचारून घेतं की बाई, या माणसाची वर्गणी चालू आहे ना? हो म्हटलं की पुढच्या मुदतीसाठी किल्ली देतं. विचारायला मिळालं नाही तर किल्ली काढून घेतं. गाणी जागच्या जागी असतात, नावं दिसतात, फक्त राखाडी होतात. दाबली तर वाजत नाहीत. फाइल काढून दुसरीकडे वाजवू म्हणाल तर तेही नाही, ती त्या अ‍ॅपशिवाय कुणालाच कळत नाही.

हिवाळ्या-उन्हाळ्यात काही अडलं नाही. शेजारचा पोरगा कॉलेजला जाताना आत्याचा फोन खिशात टाकून सड्यावर न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा. पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ, वहाळाला पाणी, पोरगा राजापुरातच मामाकडे राहिलेला, आणि वीज गेली की काही तासांत टॉवरही मान टाकतो. असे पाच-सहा आठवडे गेले. एका रात्री आत्याने फोन उघडला तर चारशे बारा नावं राखाडी. त्याच रात्री वीजही नव्हती.

हे मला कळलं गणपतीला गेल्यावर. ती म्हणाली, "तुझी गाणी माझ्यावर रागावली."

मी समजावलं. सर्व्हर वगैरे शब्द टाळून समजावणं फार कठीण असतं, करून बघा. शेवटी म्हटलं, आत्या, ही गाणी आपण विकत घेतलेली नाहीत, भाड्याने घेतली आहेत. लीव्ह अँड लायसन्स असतं ना डोंबिवलीला, अकरा महिन्यांचं, तसं हे तीस दिवसांचं.

आत्या सुपारी कातरत होती, ती थांबली. म्हणाली, "म्हणजे आपण कूळ."

आता इथे थोडा घरचा इतिहास सांगायला हवा. आमचे आजोबा कूळ होते. दुसऱ्याच्या जमिनीत भात लावायचे, खंड घालायचे. कूळकायदा १९४८ चा, पण खरा दिवस १ एप्रिल १९५७. तो कृषिदिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. किंमत भरायची होती, फुकट नव्हतं. आत्या तेव्हा दहाएक वर्षांची. आजोबा फडक्यात पैसे बांधून राजापूरला हप्ता भरायला पायी जायचे ते तिला आठवतं. हप्ते संपले, बत्तीस म चा दाखला मिळाला, सातबाऱ्यावर नाव लागलं. त्या दिवशी घरी गुळाचा सांजा झाला होता, आणि आजोबांनी तो दाखला पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा देवाजवळ ठेवला होता. अजून आहे.

तर आत्याचा प्रश्न सरळ होता. "तू हप्ते भरतेस ना? किती वर्षं भरलेस की गाणी नावावर होतात?"

कितीही वर्षं भरले तरी होत नाहीत, असं मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू हा करार मीच लिहिला आहे.

मला गंमत वाटली ती तारखांची. आपल्याकडचा कॉपीराइटचा कायदाही त्याच १९५७ सालचा. (विविध भारतीही त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाली, पण ते असो.) एका कायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली, दुसऱ्याने गाणं रचणाऱ्याचा आणि छापणाऱ्याचा हक्क बांधून दिला. ऐकेल त्याचं गाणं, असं कोणी म्हटलेलं नाही, आणि म्हणूही नये. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांचा. या हिशोबाने आत्याच्या यादीतली काही मुद्रणं मोकळी झालीही असतील, पण अ‍ॅपच्या कुलपाला हा हिशोब कळत नाही. त्याला सगळी गाणी सारखीच.

कुलपाचीही एक बाजू आहे, आणि ती मी आत्याला सांगितली. ही अ‍ॅप कोणतं गाणं किती वेळा वाजलं ते मोजतात आणि त्या हिशोबाने पैसे पुढे देतात. रेंज नसताना वाजलेली गाणी फोन आपल्याजवळ टिपून ठेवतो आणि नेट मिळालं की कळवतो. स्पॉटिफायने तर तीस दिवसांच्या नियमाचं कारण म्हणून हेच दिलेलं आहे, की कलाकारांना मोबदला देण्यासाठी ही मोजणी गोळा करावी लागते. आत्याला हे एकदम पटलं. गाणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल तिचं दुमत नव्हतं. पण ती पुढे म्हणाली, "मग वाणी वहीत लिहून ठेवतो तसं लिहून ठेवावं. पावसात माणूस हिशोबाला आला नाय, म्हणून त्याच्या घरातलं तांदूळ कोण कुलपात घालतं?"

मी बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि पैसे मिळतात म्हणताना मला एक गोष्ट टोचत होती, ती तिला सांगितली नाही. आमच्या भागात शक्ती-तुऱ्याची जाखडी असते. वाडीवाडीचे शाहीर गाणी रचतात, अलीकडे ती मुद्रित करून इंटरनेटवर टाकतात. आत्याच्या यादीत तशी दोन आहेत. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मुद्रणाचा मोबदलाच नाही. जाखडीच्या रात्री अख्खं गाव बसून ऐकतं, पण गाव बसून ऐकलं ते मोजायची सोय कुठे आहे?

बरं, कुळाला निदान एवढी खात्री असायची की जमीन कुठे जात नाही. इथे जमीनदारच गाव सोडून जातो. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. रेसो २०२४ च्या जानेवारीअखेर भारतातून गेलं, त्याच वर्षी विंकही गेलं. दुकान राहिलं तरी माल राहील असं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून काढली गेली होती. तुम्ही ती उतरवून घेतली होती की नव्हती, याला अशा वेळी काही अर्थ नसतो.

मग आम्ही दुसरा मार्ग शोधला. चुलतभावाने कारवां घ्या म्हणून सुचवलं. सारेगामाचा तो रेडिओसारखा दिसणारा डबा, २०१७ मध्ये आला तेव्हा त्यात पाच हजार गाणी भरूनच यायची, नेट नको, रेंज नको. मराठीचाही मिळतो. वस्तू चांगली आहे, माझ्या सासूबाईंकडे आहे. पण आत्या म्हणाली, "पाच हजार गाणी ऐकायला मी काय अजून चाळीस वर्षं बसणार आहे? माझी होती ती कुठे गेली?"

तिची होती ती माळ्यावर होती. पत्र्याच्या ट्रंकेत, शेवाच्या जुन्या डब्यांशेजारी, एकतीस कॅसेटी. आतोबा मुंबईला गिरणीत होते, त्यांनी टेप आणलेला होता. काही विकतच्या, पण निम्म्याहून जास्त त्यांनी रेडिओवरून घरी भरलेल्या. कोकणातल्या हवेने नऊ कॅसेटींना बुरशी धरलेली होती. चुलतभावाने रत्नागिरीहून एक चालता टेप पैदा केला, मी लॅपटॉप आणि वायर घेऊन दिवाळीला पुन्हा गेले, आणि आम्ही चार दिवस हेच केलं. इथे बाण दाबून काम होत नाही. साठ मिनिटांची कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरायला साठ मिनिटंच लागतात. तेवढा वेळ बसायचं, ऐकायचं, पट्टी अडकली तर बोटाने सोडवायची. फराळ तिथेच, जेवण तिथेच.

रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी आतोबांनी वायर लावून भरलेल्याच नव्हत्या. रेडिओसमोर टेप ठेवायचा आणि दोन बटणं एकदम दाबायची. त्यामुळे गाण्याबरोबर घरही भरलं गेलं होतं. ‘आपली आवड’मधलं सुमन कल्याणपुरांचं एक गाणं आहे, त्यात पहिल्या अंतऱ्याला कुकरची शिट्टी होते. मागे कुठेतरी कुत्रं भुंकतं. मग कोणीतरी, म्हणजे आत्याच, काहीतरी विचारायला बाहेर येते, आणि आतोबांचा आवाज, अगदी टेपजवळून, दबक्या रागाने: "गप. चालू आहे."

मी टेप थांबवला. मला वाटलं, आता आत्या रडणार. चौदा-पंधरा वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता. आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नव्हता.

ती म्हणाली, "बघ. जन्मभर मला गप करायला बघत होते." आणि थोड्या वेळाने, "मागे घे जरा."

सहा वेळा मागे घेतलं.

हेच गाणं अ‍ॅपवर आहे. स्वच्छ आहे, शिट्टी नाही, कुत्रं नाही. भावाने हौसेने विचारलं की सॉफ्टवेअरने खरखर आणि शिट्टी काढून टाकू का, हल्ली फार छान निघते. आत्याने त्याच्याकडे बघितलंही नाही.

बावीस कॅसेटींतली गाणी आता एका मेमरी कार्डावर आहेत, आणि ते कार्ड एका लहान स्पीकरमध्ये. त्याला किल्ली नाही, मुदत नाही. अ‍ॅपही तिने सोडलेलं नाही, उलट तिला त्याची चटक लागली आहे. नवीन काहीबाही ऐकते आणि नावं ठेवते. फक्त तीस दिवसांची सोय करायची होती. मी म्हटलं, दर संकष्टीला फोन सड्यावर पाठवत जा, म्हणजे लक्षात राहील. आत्याने बोटांवर मोजलं. संकष्टी ते संकष्टी कधी एकोणतीस दिवस, कधी तीस. काठावरचा हिशोब तिला नको होता. "एकादशी धर," ती म्हणाली. "पंधरवड्याला येते. एक चुकली तरी दुसरी आहे." त्याप्रमाणे शेजारच्या पोराला एकादशीचे दोन लाडू लागू झाले आहेत. पावसाळ्यात तो मामाकडे राहिला तर काय, याचीही तिने तजवीज केली आहे: तेव्हा नुसता स्पीकर.

परवा सड्यावरून तिचा फोन आला. स्वतः चढून गेली होती, म्हणजे गुडघा बरा असावा. गणपतीला येताना काय आणू, म्हणून विचारलं. म्हणाली, तसलंच एक कार्ड अजून आण, रिकामं. आणि शिट्टीचं गाणं त्यात आधी घाल.